कनकलतेचा घोडा

बायका नवऱ्याचं घर सोडतात ते माहेरच्या बळावर, नोकरीच्या बळावर, नाहीतर कोर्टाच्या बळावर. मी सोडलं ते एका कादंबरीच्या बळावर. जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या मराठी मंडळींना हे मी इतक्यांदा ऐकवलंय, की मी नुसतं तोंड उघडलं तरी आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष विभावरी म्हणते, "चलो, आता घोडा येणार." तिला चिडवायचं असतं. मी चिडत नाही. घोडा येतोच.

कादंबरीचं नाव 'किल्लेदारकन्या कनकलता'. लेखकाचं नाव विचारू नका, ते पान वाळवीनं केव्हाच संपवलं. माझे वडील, नारायणराव, फॅक्टरीत होते. वर्षातून एक-दोनदा नागपूरला आपल्या माणसांकडे जायचे आणि येताना आईसाठी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एखादी ऐतिहासिक कादंबरी आणायचे. निवड अशी काही नसायची. जाड असली आणि मुखपृष्ठावर तलवार असली की झालं.

ती कादंबरी आली तेव्हा मी बारा वर्षांची होते. उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या. पुरुषमाणसं कामावर गेली की दुपारी आमच्या ओसरीवर सहा-सात बायका जमायच्या, आणि आम्ही तीन-चार पोरी. कुणी गहू निवडायची, कुणी शेवया करायची, आणि माझी आई पार्वताबाई भिंतीला टेकून मोठ्यानं वाचायची. बहुतेकींचं शिक्षण बेताचं, आणि आम्हा पोरींच्या शाळा हिंदी. त्यामुळे मराठी आमच्याकडे डोळ्यांनी नाही, कानांनी आली. आईचा आवाज जरा घोगरा होता. युद्ध आलं की ती भरभर वाचायची आणि बायकांचे हात सुपात थांबायचे. शेजारच्या राधाबाई तर सरदारानं मिशीला पीळ दिला की "मेला" म्हणायच्या, दर वेळी.

एक सवय होती आईची. पान उलटायच्या आधी कधीकधी ती थांबायची. पुढच्या पानावर नजर टाकायची, तांब्यातून दोन घोट पाणी प्यायची, पदरानं ओठ पुसायची आणि मग वाचायची. आम्हाला वाटायचं, उत्सुकता ताणून धरतेय. आम्ही ओरडायचो, "वाच ना माय." ती म्हणायची, "घसा सुकला ना बाई."

आता गोष्ट. नर्मदेच्या घाटावर कनकलता दिवा सोडायला येते. सरदार रणधीरराव तिला बघतो, उचलून घोड्यावर घालतो आणि गढीवर आणतो. ती रुसते, तो हसतो, असं पंधरा प्रकरणं चालतं. मग एके दिवशी भरल्या सदरेत तो तिच्यावर हात उचलतो. आणि मग ते येतं, ज्यासाठी मी ही कादंबरी आयुष्यभर उराशी धरली. कनकलता खाली पडत नाही, रडत नाही. चिमणा नावाची म्हातारी दासी तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा देते. ती दिंडी दरवाजा उघडते, सरदाराच्याच पांढऱ्या घोड्यावर बसते आणि मागे वळून म्हणते, "सरदार, गढी तुमची, कुलपं तुमची. पण पाय माझे आहेत. जायला मला तुमचा हुकूम लागत नाही."

दहा वर्षांनी माझं लग्न सिहोऱ्याला झालं. धान्याचे व्यापारी, मोठं घर. नवऱ्यानं आठ महिन्यांत तीनदा हात उचलला. तिसऱ्यांदा उचलला तो सासू, जाऊ, दोन गडी, सगळ्यांच्या देखत. कारण सांगण्यासारखं नव्हतं, वरण लागलं होतं. मी पदर खोचला आणि म्हटलं, "घर तुमचं असेल. पाय माझे आहेत." सासू बघत राहिली. तिला वाटलं असेल, पोरीला भूत लागलं. मी एक पिशवी घेतली आणि जबलपूरची बस धरली. दार आईनं उघडलं. काय झालं, काहून आली, काही विचारलं नाही. माझ्या गालाकडे बघितलं आणि म्हणाली, "पाणी पी आधी."

मी परत गेले नाही. टेलिफोन ऑफिसात लागले आणि चौतीस वर्षं नोकरी केली. दुसरं लग्न केलं नाही, हौस नव्हती. भाऊ ललित याच्या घराला लागूनच माझ्या दोन खोल्या आहेत. आई शेवटपर्यंत माझ्याकडे होती, दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या लोखंडी पेटीत ती कादंबरी निघाली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. आई असताना मी कधी तिला हात लावला की म्हणायची, "राहू दे, कागद तुटून राहिले." मी ठेवून द्यायचे. मला तरी कुठं वाचायची गरज होती? तोंडपाठ होती. मी ती वाचलेली नाही, फक्त ऐकलेली आहे, हे साठ ओलांडेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

यंदा विभावरीनं कार्यक्रम काढला, 'माझं आवडतं पुस्तक'. प्रत्येकीनं एक उतारा वाचायचा. माझं नाव तिनं न विचारताच मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये टाकलं, आणि पुढे घोड्याचं चित्र. नेमकं त्याच महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नवा चष्मा मिळेपर्यंत वाचायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं. म्हणून ललितची मुलगी प्रणाली रोज संध्याकाळी बँकेतून आली की मला वाचून दाखवू लागली. पोरगी गुणाची आहे. मराठी समजते सगळी, बोलताना मात्र पाय घसरतो. लाडात असली की मला बुआ म्हणते, भांडायचं असलं की आत्या.

पहिल्याच दिवशी भांडण झालं.

"आत्या, ही सोळा वर्षांची आहे?"

"त्या काळी तसंच होतं."

"आणि हा तिला उचलून घेऊन गेला. ये तो सीधा किडनॅपिंग है."

"तो सरदार आहे, प्रणाली."

"तर? सरदारावर एफआयआर नाही होत?"

मी म्हटलं, तू गुपचूप वाच. पण कादंबरी तीच असून मला वेगळीच ऐकू येत होती. लहानपणी ज्या वर्णनांनी अंगावर काटा यायचा, ती आता कानाला टोचत होती. कनकलतेची कंबर तीन पानं आणि तिचं म्हणणं अर्धी ओळ. हजार घोडेस्वार उभ्या पिकातून दौडत गेले असं मोठ्या दिमाखात लिहिलंय, आणि ते शेत कुणाचं होतं त्याचा पत्ता नाही. दासी काळीकुट्ट, नायिका केतकीसारखी. माझ्या माहेरच्या माणसाला बाहेरच्यानं नावं ठेवावी आणि ती खरी असावी, तसं मला होत होतं.

त्यातही मजा होतीच. प्रणाली मोठ्या शब्दांवर अडखळायची, 'रणदुंदुभी' तिनं चार प्रकारे म्हणून पाहिलं. वाचता वाचता संध्याकाळ व्हायची, बाजारातला गोंगाट खिडकीतून यायचा, आणि मला ओसरीवरच्या शेवयांचा वास यायचा. आई, राधाबाई, सूप, तांब्या. डोळे मिटलेलेच असायचे, त्यामुळे पाणी आलं तरी प्रणालीला दिसत नव्हतं.

पण एक खटकू लागलं. प्रणालीनं वाचलं, "एक दासी पाणी घेऊन आली."

"एक दासी नाही, चिमणा."

"नाही आत्या, इथं फक्त दासी लिहिलंय."

"ओळ सोडली असशील."

तिनं सोडली नव्हती. पुढेही चिमणा कुठं आलीच नाही. मला वाटलं, माझी गफलत झाली असेल. पन्नास वर्षं काय थोडी झाली?

मग सोळावं प्रकरण आलं. मी उठून बसले. प्रणालीला म्हटलं, हे नीट वाच, हेच मला मंडळात वाचायचंय. सदर भरली. सरदारानं हात उचलला. आणि प्रणाली सरळ, एकाही ठिकाणी न थांबता वाचत गेली, "त्या प्रहारासरशी कनकलतेच्या नेत्रांवरील अहंकाराचा पडदा दूर झाला. ती त्याच्या चरणांवर कोसळून म्हणाली, नाथ, चुकले मी. पतीचे शासन हेच स्त्रीचे भूषण. सरदारांनी सस्मित मुद्रेने तिला उठविले."

"पुढे?"

"पुढे लग्न. खतम."

"मध्ये पानं फाटली असतील, बघ."

तिनं पानांचे आकडे वाचून दाखवले. एकही पान गेलेलं नव्हतं. मी डॉक्टरचं बजावणं गुंडाळून ठेवलं, आईचं भिंग काढलं आणि चांगल्या डोळ्यानं स्वतः वाचलं. नाथ, चुकले मी. अक्षरं ठसठशीत होती. घोडा नव्हता, किल्ल्या नव्हत्या, पाय माझे आहेत हे तर कुठंच नव्हतं.

प्रणाली म्हणाली, "बुआ, तुम्ही बहुतेक दुसऱ्या पुस्तकाशी मिक्स करून राहिल्या." मी तिला घरी जा म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

मला घाबरायला झालं, खरं सांगते. चाळीस वर्षं ज्या वाक्यावर उभी राहिले, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं? मग मी सिहोऱ्याच्या घरात काय बोलले, कुणाच्या जोरावर बोलले? लोक काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं. आततायी पोरगी, तोंडाळ पोरगी, डोक्यावर परिणाम झालेली पोरगी. तेव्हा मी मनात म्हणायचे, तुम्ही वाचलं नाही, मी वाचलंय. आता उघड झालं की मीही वाचलं नव्हतं. आणि खरी कनकलता, छापलेली, पाया पडून तिथंच राहिली होती.

आता विचारायचं कुणाला? ओसरीवरच्या सगळ्या जणी गेल्या. उरल्या होत्या एकट्या राधाबाई. दुसऱ्या दिवशी ऑटो करून मी त्यांच्याकडे गेले. त्यांचा मुलगा गौतम याचं रिछाईला लेथचं वर्कशॉप आहे, घर तिथून जवळच. राधाबाई ऐंशीच्या पुढे. बुद्धाच्या तसबिरीखाली खाटेवर बसून कोथिंबीर निवडत होत्या. हात अजून स्थिर आहेत. मी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं.

त्या हसल्या. "तुले आता समजलं काय? मले त तवाच समजलं होतं."

"काय?"

"तुझी माय वाचे ते येगळं, अन् किताबात ते येगळं. मी सातवी शिकलेली होती ना. मले दम निघेना, म्हणून एक दिवस किताब घरी घेऊन गेली अन् शेवट वाचून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तुझ्या मायले गाठलं. म्हटलं, पार्वताबाई, हे त त्याच्या पाया पडून राहिली. तुझी माय म्हणे, हो, मी बी पाह्यलं. म्हटलं, मंग दुपारी काय वाचसान? तं म्हणे, राधा, समोर चार पोरी बसतात. त्यायले मी हे कसं वाचून दाखवू?"

पान उलटायच्या आधीचे ते दोन घोट मला आठवले. घसा सुकायचा नाही तिचा. ती विचार करायची.

"चिमणा पण आईचीच?"

"चिमणा तिच्या आजीचं नाव होतं. अन् घोडा माहा." राधाबाईंनी कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवली. "तुझी माय म्हणे, दार उघडून ते निघून जाते असं वाचतो. म्हटलं, पायी कशी जाईन ते? जंगल हाय, नर्मदा हाय. घोडा द्या तिले. तं म्हणे, घोडा कोनाचा? म्हटलं, त्याचाच. दुसरा कोन देते?"

मला हसू आलं आणि लगेच संताप आला. आईचा. इतकी वर्षं एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो, आणि तिनं एका शब्दानं सांगितलं नाही. मी गावभर घोडा मिरवत होते आणि ती कोपऱ्यात बसून ऐकत होती. मी तसं बोललेही. "मला काहून नाही सांगितलं मग?"

राधाबाईंनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "भ्याली होती. तू सिहोऱ्याहून आली ना, त्या दिवशी सांजच्याले ती माह्याकडे आली. चहा केला तो बी प्यायली नाही. म्हणे, राधा, पोरगी कनकलतेचं बोलून आली तिथं. मी खोटं वाचलं, अन् पोरीनं त्याच्यापायी घर सोडलं. उद्या तिनं किताब उघडली त काय म्हणन मले?"

म्हणून ती पेटी. म्हणून ते लुगडं. राहू दे, कागद तुटून राहिले.

"मंग तुम्ही काय म्हटलं?"

"काय म्हणू? म्हटलं, पार्वताबाई, मार खरा होता ना? मंग घोडा खोटा असला त काय बिघडलं?"

मी तिथं खाटेवर बसून रडले. आई गेली तेव्हाही इतकी रडले नव्हते. चाळीस वर्षं माझी आई माझ्याच घरात मला भीत होती, आणि तिला एकदा 'बरं केलंस' म्हणायची संधी मला मिळाली नाही. राधाबाईंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "डोयाले जप. ऑपरेशन झालं हाय ना."

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल बऱ्यापैकी भरला होता. नवा चष्मा आला होता. गौतम राधाबाईंना गाडीतून घेऊन आला, त्यांना पहिल्या रांगेत पंख्याखाली बसवलं. प्रणाली मोबाइल धरून रेकॉर्ड करायला उभी राहिली. विभावरीनं माझी ओळख करून दिली आणि शेवटी म्हणाली, "आता घोडा येणार." सगळ्या हसल्या.

मी पुस्तक उघडलं आणि सोळावं प्रकरण छापलंय तसं वाचलं. प्रहार, चरण, नाथ, चुकले मी. हॉलमध्ये चुळबूळ झाली. विभावरी माझ्याकडे बघत राहिली. मी चष्मा काढला.

"हे लेखकानं लिहिलंय," मी म्हटलं. "मी हे परवापर्यंत वाचलं नव्हतं. मला माझ्या आईनं वाचून दाखवलं होतं, आणि आईनं वाचलं ते असं नव्हतं. मी घर सोडलं ते आईच्या कादंबरीवरून. ती आता नाही, म्हणून तिला सांगायचं ते तुमच्यासमोर सांगते. आई, तू बरोबर वाचलंस."

टेबलावर पाण्याचा ग्लास होता. मी दोन घोट प्यायले, पदरानं ओठ पुसले आणि पान उलटलं. मग पुस्तकाकडे न बघता सांगत गेले. सरदारानं हात उचलला. कनकलता खाली पडली नाही. चिमणा पुढे आली, तिनं किल्ल्यांचा जुडगा दिला. कनकलतेनं दिंडी दरवाजा उघडला आणि मागे वळून म्हणाली, सरदार, गढी तुमची, कुलपं तुमची. पण पाय माझे आहेत.

इथं मी श्वास घ्यायला थांबले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून, आपल्या ओसरीवरच बसल्यासारख्या मोकळ्या आवाजात, राधाबाई म्हणाल्या, "अन् घोडा? पायी पाठवतं काय तिले?"

मी चष्मा चढवला, आणि आधी तिला घोड्यावर बसवलं.